खत कोणी वाहिले? : सेंद्रिय शेतीच्या वाङ्मयाविषयी

मराठीत सेंद्रिय शेतीविषयी गेल्या काही वर्षांत पुष्कळ लिहिले गेले. पुस्तके निघाली, भाषांतरे झाली, शिबिरांच्या पुस्तिका छापल्या गेल्या, दिवाळी अंकांनी परिसंवाद घेतले. हे लेखन शेतीतज्ज्ञांनी तपासावे, इतरांनी त्यात पडू नये, असा एक समज आहे. मला तो मान्य नाही. माणसाने जमिनीशी कसे वागावे हे ज्या लेखनात सांगितलेले असते, त्यात माणसाने माणसाशी कसे वागावे हेही सांगितलेले असते. कधी उघडपणे, कधी न बोलता. म्हणून हे वाङ्मय मी वाङ्मय म्हणूनच वाचले. मी भाषा शिकवतो, शेती शिकवत नाही. पण ते कोणाच्या अंगणात उभे राहून लिहिले गेले आहे, हे विचारायला कृषी पदवी लागत नाही.

निमित्त एका व्याख्यानाचे झाले. दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात सेंद्रिय शेतीवर एक व्याख्यान झाले आणि आभार मानण्याचे काम माझ्याकडे आले. (आभार मानण्याचे काम नेहमी आमच्यापैकीच कोणाकडे का येते, हा निराळा विषय आहे.) वक्ते तळमळीचे होते. रासायनिक खतांनी जमीन मेली, औषधांनी अन्न नासले, शेतकरी दुकानदाराचा बांधील झाला, हे त्यांनी पोटतिडकीने सांगितले. त्यातले बरेचसे खरे होते. शेवटी ते मुलांना म्हणाले, ‘तुमचे आजोबा कशी शेती करत होते ते आठवा. तीच शाश्वत शेती.’

सभागृहातली निम्मी मुले अशा घरांतली होती की त्यांच्या आजोबांनी शेती केली, पण त्यांना शेत नव्हते. माझ्या आजोबांकडे येसकरकी होती. हातात काठी, खांद्यावर घोंगडे, आणि गावात कोणाचेही ढोर मेले की ते ओढून नेण्याचा ‘हक्क’. मी रीतीप्रमाणे आभार मानले. परंतु त्या ‘आठवा’ शब्दाने माझी पाठ सोडली नाही. आमचे आजोबा आठवले, तर सेंद्रिय शेतीचा जो इतिहास दिसतो तो या वाङ्मयात कोठे आहे, हे शोधण्यासाठी मी ते वाचू लागलो.

प्रथम जे मान्य केले पाहिजे ते मान्य करतो. स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळ थेरविल येथे १९७८ पासून एकाच शिवारात सेंद्रिय आणि रासायनिक पद्धतींचे वाफे शेजारी-शेजारी ठेवून प्रयोग चालविला गेला. त्याच्या पहिल्या २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. सेंद्रिय वाफ्यांत पीक सरासरीने २० टक्के कमी आले. परंतु खत आणि ऊर्जा ३४ ते ५३ टक्के कमी लागली, कीटकनाशके ९७ टक्के कमी लागली आणि मातीतील जीवसृष्टी अधिक समृद्ध राहिली. पुढे २०१२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात जगभरच्या अशा तुलनांचा एकत्रित अभ्यास आला. त्यात पीक व परिस्थिती यांनुसार सेंद्रिय उत्पन्न ५ ते ३४ टक्के कमी दिसले. तेव्हा सेंद्रिय शेती म्हणजे भाबड्यांचे खूळ, असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. आणि तिच्यामुळे उत्पन्न मुळीच घटत नाही, हे शिबिरांतले आश्वासनही टिकत नाही. थेरविलच्या प्रयोगात गांडुळेसुद्धा मोजली गेली होती. मला त्याचे कौतुक वाटले. ज्या शास्त्राला मातीतले गांडूळ मोजावेसे वाटते ते शास्त्र सूक्ष्म आहे. आमच्याकडे मात्र हे आकडे येतात आणि ‘शाश्वत’ हा शब्द येतो, तेव्हा त्या मोजणीत एक माणूस राहून जातो. तो कोण, हे कळण्यासाठी थोडा हिशेब करू.

युरियाची एक गोणी ४५ किलोची असते. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे गोणीत साधारण २१ किलो. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. म्हणजे एका गोणीइतके नत्र शेतात न्यायचे तर चार टनांहून अधिक शेणखत न्यावे लागते. टोपल्यात वीस किलो धरले तर दोनशे टोपली. हिशेब अर्धवट आहे हे मला कळते. शेणखतात नत्राखेरीज स्फुरद, पालाश आणि मुख्य म्हणजे सेंद्रिय कर्ब असतो. त्याने जमिनीत ओल धरून राहते. आणि युरियाचा मोठा भाग हवेत उडतो, पाण्याबरोबर वाहून जातो. हे सगळे धरूनही दोनशे टोपली ही दोनशे टोपलीच राहतात. ती उकिरड्यातून कुदळीने उकरायची, भरायची, डोक्यावर घ्यायची, गाडीत टाकायची, शेतात पुन्हा उतरवायची आणि विस्कटायची. उन्हाळ्यात, पेरणीआधी. आणि ही एका गोणीची गोष्ट झाली.

ही टोपली कोणी उचलली?

गावगाड्याच्या शेतीत सुपीकता ज्या मार्गांनी शेतात येई त्या प्रत्येक मार्गावर एक जात उभी होती. गोठ्यातले शेण काढणारा सालगडी मांग-महाराचा, नाहीतर कुणब्यांतल्याच नागवलेल्या घरचा. मेलेले ढोर ओढायचे महाराने. कातडे कमवायचे चांभार-ढोराने. हाडे गोळा करून विकायची पुन्हा आम्हीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातली हाडे जहाजांतून परदेशी शेतांच्या खतासाठी जात, ती गावोगावच्या हाडकीतून वेचलेली असत. आणि शहरातला मैला? त्याचे खत उसाला उत्तम. मराठी भाषेने त्याला नाव दिले ‘सोनखत’. शेतात पडल्यावर ज्याचे सोने झाले तेच डोक्यावरून वाहून नेणाऱ्याचे काय झाले, यासाठी आपल्या भाषेत एकही सुंदर शब्द नाही. जे आहेत ते शिवी म्हणून वापरतात. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. उकिरड्याचा फिटला, हे आज सेंद्रिय शेतीच्या शिबिरांत दिसते. वाहणाऱ्यांचा फिटायचा राहिला.

थोडक्यात, जुनी शेती टिकली ती मातीला परत मिळत गेले म्हणून, आणि परत देण्याचे काम बिनमोल करणारे हात जन्माने बांधलेले होते म्हणून. पहिली गोष्ट या वाङ्मयात पानोपानी आहे. दुसरी मला कोठेही आढळली नाही.

सर अल्बर्ट हॉवर्ड यांचे उदाहरण घ्या. सेंद्रिय शेतीचे वाङ्मय जगभर ज्यांच्यापासून सुरू झाले असे मानतात त्यांतले ते एक. १९२४ ते १९३१ या काळात त्यांनी इंदूरच्या संस्थेत काम केले आणि काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुताने भिजलेली माती व राख यांचे थर देऊन, ते वेळोवेळी उलटून कंपोस्ट करण्याची पद्धत बसविली. ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती जगभर गेली. या कामात त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. १९३१ च्या पुस्तकावर दोघांची नावे आहेत. आज हॉवर्ड सर्वांना ठाऊक आहेत आणि वाड यांचे नाव मराठी वाचकालाही सांगावे लागते. हॉवर्ड मोठा माणूस. साहेब असून तो म्हणाला की हिंदी रयत आणि पिकांवरची कीड हे माझे प्राध्यापक. साम्राज्याच्या नोकरीत राहून असे म्हणायला मन मोठे लागते, यात शंका नाही. पण त्यांच्या वर्गात प्राध्यापक म्हणून रयत आली, कीड आली. ढीग उलटणारा मजूर आला तो मात्र किती मजूर लागतील एवढ्या हिशेबापुरता. त्या मजुराला शेणाविषयी काय माहीत आहे, आणि शेणाच्या पाटीखाली त्याच्या मानेला काय होते, हे विचारण्यासारखे ज्ञान आहे असे त्यांना वाटले नाही. १९३४ साली वाड यांनी जॅक्सन यांच्याबरोबर मैल्याचेही असेच कंपोस्ट करण्याविषयी लिहिले. आरोग्याच्या आणि शेतीच्या दोन्ही दृष्टींनी ते काम मोलाचे. फक्त मैला खड्ड्यापर्यंत येतो कसा, या ठिकाणी मला वाचताना थांबावे लागले.

मासानोबु फुकुओका यांचे पुस्तक आमच्याकडे ‘एका काडातून क्रांती’ म्हणून ओळखले जाते. मूळ जपानी १९७५ चे, इंग्रजी १९७८ चे. मी ते एका बैठकीत वाचले, कारण ते फार चांगले लिहिलेले आहे. शास्त्रज्ञाची नोकरी सोडून हा माणूस बापाच्या शेतावर परतला आणि चार नकार दिले : नांगरणी नाही, तयार खत नाही, निंदणी नाही, औषध नाही. त्याच्या लिहिण्यात अहंकार नाही आणि तो स्वतः चिखलात उतरलेला आहे. आमच्याकडच्या कित्येक निसर्गप्रेमी लेखकांसारखा गच्चीवरून तो बोलत नाही. परंतु ‘काही न करण्याची शेती’ हे त्याचे बोलणे वाचताना मला माझी आई आठवत होती. पस्तीस वर्षे ती दुसऱ्याच्या रानात खुरपते आहे. निंदणी नाही, हे ज्याचे रान आहे त्याच्यासाठी मुक्ती आहे. जिचे फक्त खुरपे आहे तिच्यासाठी ते ‘उद्या काम नाही’ एवढेच वाक्य आहे. फुकुओकांचा हा दोष म्हणता येणार नाही, त्यांच्यासमोर माझी आई नव्हती. दोष आमच्या भाषांतरकारांचा आणि प्रचारकांचा, ज्यांच्यासमोर ती रोज असते. आणखी एक. ‘बापाच्या शेतावर परतला’ हे वाक्य ते सहज लिहितात. परतायला बापाचे शेत असावे लागते.

महाराष्ट्रात या लेखकांत मला श्रीपाद दाभोळकर वेगळे वाटतात. गणिताचे प्राध्यापक, ‘प्रयोग परिवारा’चे जनक. त्यांनी हिशेब सुरू केला तोच लहान तुकड्यापासून : पाच माणसांच्या कुटुंबाने दहा गुंठ्यांत, ऊन आणि पालापाचोळा यांच्या बळावर कसे जगावे. वीस एकरांच्या बागाईतदाराला सोडून दहा गुंठ्यांच्या माणसाकडे वळणारे गणित या क्षेत्रात दुर्मिळ आहे. तरीही, हे दहा गुंठे येणार कोठून, या पायरीशी त्यांचे गणितही थांबते. सुभाष पाळेकरांकडे आलो की चित्र पार बदलते. त्यांना सेंद्रिय शेतीही नामंजूर. त्यांची ‘नैसर्गिक शेती’ निराळी. दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती आणि दोनशे लिटर पाणी असे जीवामृत एका एकराला पुरते आणि एका देशी गाईवर तीस एकर शेती होते, असे ते सांगतात. शेण टनांनी वाहण्याचा प्रश्नच त्यांनी काढून टाकला, हे माझ्या दृष्टीने मोठे आकर्षण. पण जे टनांनी वाहिले जात होते त्यातले नत्र दहा किलो शेणात कसे येईल, याचा हिशेब तेथे श्रद्धेवर सोडलेला आहे. आणि सगळे गाडे एका देशी गाईशी बांधलेले. ती गाय ज्याच्या दारात नाही त्याने काय करावे? महाराष्ट्रात २०१५ साली कायदा बदलून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. थकलेले जनावर विकता येत नाही, म्हणून लहान माणूस जनावर ठेवायला धजत नाही. गाय पवित्र होत गेली तसतशी ती गरिबाच्या दारातून निघत गेली. मेलेली गाय मात्र अजून कोणाच्या दारात येते, हे गुजरातेत उना येथे २०१६ साली साऱ्या देशाने पाहिले. कातडे सोलणाऱ्या पोरांना गाडीला बांधून मारले. त्यानंतर तिथल्या दलितांनी मेलेली जनावरे उचलण्यास नकार दिला आणि जमीन मागितली. या दोन गोष्टी एका दमात मागाव्यात असे त्यांना वाटले, यात शेतीशास्त्राचा एक पाठ आहे.

आता दुसरी बाजू. मी रासायनिक शेतीची वकिली करतो आहे असे कोणाला वाटेल. तेव्हा आजीचे सांगतो. तिला युरिया आवडायचा. १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो खाऊन जगलेली ती बाई. संकरित ज्वारीला चव नाही म्हणून गावातले मोठे लोक नाक मुरडत, तेव्हा ती म्हणायची, ‘चव त्यायला, ज्यायचं पोट आधी भरतंय.’ आणि खताविषयी : ‘गोणी आली तवा उकिरडा सुटला बाप्पा. गोणीला वास येतुया, पर जात न्हाई.’ कोणत्याही तज्ज्ञाच्या पुस्तकात हे वाक्य नाही. गोणी दुकानातून येते, पैसे दिले की कोणालाही मिळते, आणि ती उचलल्याने कोणी बाटत नाही. हरित क्रांतीचे जे मूल्यमापन या मुक्तीचा विचार करत नाही ते मला अपुरे वाटते.

पण गोणीची मुक्ती उधारीची होती. ती नैसर्गिक वायूवर आणि परदेशी बाजारावर उभी आहे. तिच्यामागे कर्ज आले, कर्जामागे कापूस आला, कापसामागे फवारा आला. आणि फवाऱ्याचा पंप कोणाच्या पाठीवर आला? २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे मेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्यांत रोजाने दुसऱ्याच्या शेतात फवारणारे पुष्कळ होते. माझा मावसभाऊ त्याच सुमारास आमच्या भागात रोजाने फवारत होता. दोन दिवस त्याला डोळ्यांनी दिसत नव्हते. तिसऱ्या दिवशी दिसू लागले, चौथ्या दिवशी तो पुन्हा पंप घेऊन गेला. तोंडाला बांधायला त्याच्याकडे बायकोची ओढणी होती. मालकाने त्याला मुद्दाम मारले नाही. मालक स्वतः कर्जात होता. पण उंचीएवढ्या कपाशीत कोणी शिरायचे, हे ठरवायला त्याला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

म्हणून सेंद्रिय की रासायनिक, या वादात आम्हाला एका बाजूला उभे राहण्याचे आमंत्रण येते तेव्हा मला ते विचित्र वाटते. एका शेतीने आमच्या डोक्यावर पाटी दिली, दुसरीने पाठीवर पंप दिला. जमिनीचा सात-बारा दोघींनीही दुसऱ्याकडेच ठेवला. जी शेती टिकते ती कोणाच्या शरीरावर टिकते, हे मोजल्याखेरीज टिकाऊपणाची तुलना पुरी होत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. मातीची झीज मोजता तशी मानेची आणि डोळ्यांची झीज मोजा. नत्राचा हिशेब धरता तसा रोजाचाही धरा. सेंद्रिय शेतीला माणसे अधिक लागतात. तिच्या पुरस्कर्त्यांना हा तिचा गुण वाटतो, गावात रोजगार वाढतो म्हणून. वाढेलही. पण तो काय भावाने, बाईला किती आणि गड्याला किती, आणि पाटी उचलणारे हात पुन्हा त्याच वस्तीतले का, याचे उत्तर त्यांनी द्यायला हवे.

श्रीलंकेचे उदाहरण हल्ली दोन्हीकडचे लोक एकमेकांवर फेकतात. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ती बहुतांशी मागे घ्यावी लागली. तांदूळ बाहेरून आणावा लागला. सेंद्रिय शेती फसली, असा त्याचा अर्थ काढतात. मला दिसते ते असे की वरून हुकूम सुटला आणि एवढे सेंद्रिय खत कोण, कोठे, किती दिवसांत तयार करणार, हे विचारायचे राहिले. पुन्हा तेच, वाहणाऱ्याला न विचारता केलेली शेती.

आमच्या परंपरेत हा प्रश्न विचारला गेला नाही असे नाही. जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. तो कर्जाचे आणि भटशाहीचे पुस्तक म्हणून आपण शिकवतो. मीही दहा वर्षे तसाच शिकवला. त्याचा पाचवा भाग आता पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आले की मातीच्या सुपीकतेविषयी इतके नेमके मराठीत त्याआधी कोणी लिहिले असेल असे वाटत नाही. डोंगरावरचा पालापाचोळा आणि कुजलेले जीवजंतू पावसाच्या पाण्याबरोबर शेतात येत, ते कसे थांबले. जंगलखात्याने गायराने घशात घातल्यावर जनावरे आणि त्यांचे खत कसे गेले. पाणी मुरावे, माती राहावी म्हणून ताली आणि बंधारे कसे घालावेत. बाहेरून चांगल्या शेळ्यामेंढ्यांची बेणी आणून त्यांच्या लेंड्यामुताचे खत कसे करावे. आणि हे काम कोणी करावे? जोतीराव म्हणतात, सरकारच्या काळ्या-गोऱ्या लष्कराने आणि पोलीसखात्यातल्या रिकाम्या शिपायांनी. पाटी त्यांनी जन्माने वाहणाऱ्याच्या डोक्यावरून उतरवून पगारी शिपायाच्या डोक्यावर ठेवली. हॉवर्डच्या आधी चाळीस वर्षे हे सुचलेला माणूस आमच्या सेंद्रिय वाङ्मयात कोठेही पूर्वसूरी म्हणून येत नाही. वेद येतात, ऋषी येतात, कामधेनू येते.

बाबासाहेबांनी १९१८ च्या आपल्या लेखात लहान शेतांचा प्रश्न तपासला. जमिनीवर माणसांचा भार फार झाला आहे, तो उद्योगांकडे वळल्याखेरीज शेती सुधारणार नाही, असे त्यांनी मांडले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनाविषयीचे विधेयक आणले. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेती हा राज्याचा उद्योग असावा, गावातल्यांनी ती सामुदायिक रीतीने कसावी, जातपात न पाहता, जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही उरू नयेत अशा रीतीने, असे लिहिले, आणि पाणी, औताची जनावरे, अवजारे, बी-बियाणे यांच्या बरोबरीने खत पुरविण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. खत. तो शब्द त्या मसुद्यात आहे. राज्यघटनेच्या मसुद्यात खताचा विचार करणारा माणूस गावापासून तुटलेला होता, असे आम्हाला सांगतात.

येथे आमच्याही साहित्याविषयी एक बोलले पाहिजे. आमच्या आत्मकथनांनी गावाचे खरे रूप दाखविले. मेलेल्या जनावरामागची धावपळ, वतनाची लाचारी, बलुत्याची भीक, हे १९७० आणि १९८० च्या दशकांत कागदावर आले नसते तर वरचा एकही परिच्छेद मला लिहिता आला नसता. पण गाव सोडण्याची दिशा धरल्यावर माती हा विषय आम्ही दुसऱ्यांसाठी सोडून दिला. जे सुटले त्यांनी लिहिले. मीही त्यांतलाच, महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा. जे मागे राहिले ते आजही मातीतच आहेत, त्यांच्या मातीवर कोण लिहिणार? २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहिवाटदारांत अनुसूचित जातींचे खातेदार सुमारे १२ टक्के होते आणि त्यांच्याकडचे क्षेत्र ९ टक्क्यांहूनही कमी. लोकसंख्येत आम्ही २०११ च्या जनगणनेनुसार १६.६ टक्के. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये जमिनीसाठी हजारो माणसे तुरुंगात गेली, त्यानंतरची ही गोष्ट.

मराठवाड्यात आमच्या माणसांना जमीन मिळाली ती बहुतेक गायरानाची, आणि तीही अतिक्रमण या नावाने. १९९१ च्या शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. काहींची झाली, पुष्कळांची कागदात अडकली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. त्यात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद आहे. तो अपवाद तलाठ्यापर्यंत पोहोचता पोहोचता पुसट होतो. सेंद्रिय शेतीवाले बंधू गायराने वाचवा म्हणतात तेव्हा त्यांचेही खरे असते, कारण गायरान गेले की चारा गेला, चारा गेला की शेण गेले. पण गायरानावर चरून आलेल्या जनावराचे शेण शतकानुशतके कोणाच्या शेतात पडले? ज्यांच्याकडे जनावरे होती त्यांच्या. सामाईक जमिनीची सुपीकता खाजगी शेतात वाहत गेली आणि तिला आम्ही गावाची परंपरा म्हणत आलो.

माझ्या चुलत्याकडे असे दोन एकर गायरान आहे. मुरमाड. चाळीस वर्षे त्याने त्यातले दगड वेचले, बांध घातला. सात-बारा त्याच्या नावाचा नाही, म्हणून बँक पीककर्ज देत नाही. कर्ज नाही म्हणून गोण्या येत नाहीत, औषध येत नाही. तो शेळ्यांच्या लेंड्या टाकतो, बाजरीत तूर-मटकी घेतो, काड रानातच कुजवतो. व्याख्यानाला आलेल्या त्या पाहुण्यांना मी नंतर पत्र लिहिले की तुम्ही सांगता तशी शेती करणारा एक माणूस मला माहीत आहे, त्याच्या धान्याला प्रमाणपत्र मिळाले तर चार पैसे जास्त मिळतील. त्यांनी आस्थेने उत्तर पाठविले, सोबत अर्जाचा नमुनाही. मी तो घेऊन चुलत्याकडे गेलो. अर्जात गट क्रमांक आणि सात-बाराचा उतारा मागितला होता. चुलत्याने तो कागद उलटसुलट पाहिला, घडी करून माझ्या हातात दिला आणि विचारले, ‘मास्तर, मोजणीवाले पुन्हा कधी येनार म्हन्ले?’